नऊ चौरस मीटरचे दुकान : व्यापारी प्रदर्शनातील स्टॉल कसा घ्यावा व कसा मांडावा

दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर पुस्तकांचे, मूर्तींचे, दिनदर्शिकांचे स्टॉल ओळीने लागतात. तेव्हा स्टॉल ही गोष्ट आपल्या समाजाला नवीन नाही. एक टेबल, वर ताडपत्री आणि मागे निळा पडदा, एवढ्या सामग्रीवर आपल्या कित्येक लेखकांचे विचार घराघरांत पोहोचले. परंतु त्या मैदानावर येणारा माणूस आपला असतो. तो श्रद्धेने येतो आणि चार पुस्तके घेऊनच परततो. गोरेगावच्या व्यापारी प्रदर्शनात येणारा माणूस तसा नसतो. तो आपल्याला ओळखत नाही, आपल्यापाशी थांबायला बांधलेला नाही आणि त्याच्यासमोर आणखी शेकडो स्टॉल असतात. अशा ठिकाणी पदरचे पैसे मोडून जागा घेतली तर ती सार्थकी कशी लावावी, हे आपल्या तरुणांना व लहान उद्योजकांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपल्यासाठी महत्त्वाचा का ?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली परदेशातून परतले. बडोद्याचा कटू अनुभव घेऊन मुंबईस आल्यावर त्यांनी शेअर व रोखे यांविषयी व्यापाऱ्यांना सल्ला देणारी कचेरी उघडली होती. सल्ला उत्तम होता, पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती कचेरी बंद करावी लागली. अर्थशास्त्रातील एवढ्या मोठ्या विद्वानाची ही कथा, तर सामान्य कारागिराची काय असेल ! माल चांगला असूनही तो बाजाराच्या दारापर्यंत पोहोचत नाही, हे आपल्या उद्योजकांचे जुने दुखणे आहे. दुकानाचा गाळा मिळत नाही, पागडी परवडत नाही, ओळखीचा घाऊक व्यापारी नसतो. प्रदर्शनातील स्टॉल ही अडचण निदान तीन-चार दिवसांपुरती दूर करतो. तेथे गिऱ्हाईक आधी वस्तू हातात घेते आणि मग मालकाचे नाव विचारते. हा क्रम आपल्याला फार मोलाचा आहे.

२००५ साली पुण्यात स्थापन झालेल्या दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, या संस्थेने हे ओळखून २०१० साली पुण्यात आणि डिसेंबर २०११ मध्ये मुंबईत दलित उद्योजकांची प्रदर्शने भरविली. त्यापुढचे पाऊल म्हणजे सर्वांसाठी असलेल्या प्रदर्शनात बरोबरीने उभे राहणे.

आधी प्रदर्शन निवडावे, मग जागा

मुंबईत गोरेगाव (पूर्व) येथील नेस्को संकुलातील बॉम्बे एक्झिबिशन सेंटर, कफ परेडचे वर्ल्ड ट्रेड सेंटर, वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदाने व २०२२ साली तेथेच सुरू झालेले जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटर, तसेच वाशीचे सिडको प्रदर्शन केंद्र ही प्रमुख ठिकाणे आहेत. बचत गटाच्या भगिनींसाठी राज्य शासनाचे ‘महालक्ष्मी सरस’ हे प्रदर्शनही मुंबईत भरते.

परंतु ठिकाणापेक्षा प्रदर्शनाचा प्रकार महत्त्वाचा. काही प्रदर्शनांत सामान्य लोक येतात आणि तेथल्या तेथे खरेदी करतात. काहींत फक्त व्यापारी येतात, नमुना पाहतात आणि ऑर्डर नंतर देतात. तेथे रोख विक्रीला बहुधा मनाई असते. पिशव्या शिवणारा एखादा कारागीर दोनशे पिशव्या घेऊन दुसऱ्या प्रकारच्या प्रदर्शनात गेला तर तो दोनशे पिशव्या घेऊनच घरी येईल, आणि प्रदर्शन वाईट होते असे म्हणेल. म्हणून पहिल्या वर्षी स्टॉल न घेता, प्रेक्षक म्हणून एक पूर्ण दिवस फिरून यावे. आपल्यासारखा माल कोण मांडतो, कोणत्या वाटेवर गर्दी असते, दुपारी तीन वाजता स्टॉलवाल्यांचे चेहरे कसे असतात, हे डोळ्यांनी पाहावे. माहितीपत्रकात यातले काहीच छापलेले नसते.

जागा कशी मोजतात ?

श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. जेत राजकुमाराचे उपवन त्याने भगवान बुद्धांच्या संघासाठी विकत घेतले, तेव्हा जेवढी जमीन तेवढीवर नाणी अंथरून किंमत मोजली. प्रदर्शनाचा व्यवहारही असाच आहे : जेवढे चौरस मीटर तेवढे पैसे. सर्वांत लहान स्टॉल बहुधा ३ मीटर बाय ३ मीटर, म्हणजे ९ चौरस मीटरचा असतो. आपल्या भाषेत सुमारे दहा फूट लांब व दहा फूट रुंद.

जागा दोन प्रकारे मिळते. पहिल्या प्रकारास शेल स्कीम म्हणतात. यात आयोजक तयार खोका उभा करून देतो. ॲल्युमिनियमचे अष्टकोनी खांब, त्यांच्या खाचांत बसविलेल्या पांढऱ्या फळ्या, समोर वरच्या बाजूस नावाची पट्टी (तिला फॅशिया म्हणतात), खाली गालिचा, एक टेबल, दोन खुर्च्या, दोन-तीन दिवे आणि एक विजेचा सॉकेट. या पद्धतीस धंद्यात ऑक्टोनॉर्म असे नाव रूढ आहे. दुसरा प्रकार म्हणजे रॉ स्पेस, अर्थात मोकळी जमीन. तिथे सर्व बांधकाम आपण फॅब्रिकेटरकडून करून घ्यायचे. त्यासाठी नकाशा मंजूर करून घ्यावा लागतो, उंचीची मर्यादा पाळावी लागते, शेजाऱ्याकडे येणारी पाठीची बाजूही नीट रंगवावी लागते आणि वीज किलोवॅटवर वेगळी विकत घ्यावी लागते. नवख्या माणसाने या भानगडीत पडू नये. शेल स्कीमच घ्यावी.

स्टॉलच्या किती बाजू उघड्या आहेत हेही पाहावे. रांगेतल्या स्टॉलची एकच बाजू उघडी असते, कोपऱ्यावरच्याच्या दोन. कोपऱ्यासाठी बहुधा दहा टक्क्यांच्या आसपास जादा आकार घेतात. नऊ मीटरच्या स्टॉलला तो देणे आम्हांस योग्य वाटते, कारण दोन वाटांवरचे लोक दिसतात आणि आत-बाहेर करणे सोपे जाते. मात्र खांबामागची, प्रसाधनगृहाच्या तोंडाची किंवा बंद टोकाची जागा स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. पैसे भरण्यापूर्वी सभागृहाचा नकाशा मागून घ्यावा आणि त्यावर आपला क्रमांक लिहून घ्यावा.

खर्चाचा हिशोब

बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहतो आहोत. माणूस मोठ्या रकमेचा हिशोब नीट करतो आणि बारीक रकमांनी बुडतो. स्टॉलचेही तसेच आहे.

उदाहरणासाठी दर चौरस मीटरला १०,००० रुपये धरू. ९ मीटरचे ९०,००० रुपये झाले. कोपऱ्याचे १० टक्के, म्हणजे ९,००० धरून ९९,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १७,८२० रुपये. एकूण १,१६,८२० रुपये. नव्वद हजार म्हणता म्हणता एवढे झाले, आणि अजून एकही वस्तू स्टॉलवर आलेली नाही ! जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर या कराची वजावट मिळू शकते. नोंदणी नसेल किंवा कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

पुढे टेम्पोचे भाडे, छपाई, जादा दिवे, भाड्याची कपाटे, मदतनिसाची मजुरी, चहापाणी व राहण्याचा खर्च येतो. ढोबळ नियम असा धरावा की, भाडे एक रुपया असेल तर वरचा खर्च आणखी दोन रुपये होऊ शकतो. भाड्यापुरते पैसे जमले म्हणजे स्टॉल परवडला, असे समजू नये.

भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहेत : एक उपभोगासाठी, दोन उद्योगात घालण्यासाठी आणि एक अडीअडचणीसाठी राखून ठेवण्यासाठी. स्टॉलचा खर्च उद्योगाच्या दोन भागांतून करावा. राखीव भागाला हात लावू नये आणि बायकोचे दागिने गहाण टाकून तर मुळीच करू नये. एका प्रदर्शनाने घर उभे राहत नाही, पण एका प्रदर्शनाने घर बसू शकते.

आयोजक एक नियमपुस्तिका देतो. फॅशियावरील नाव, वीज, फर्निचर, प्रवेशाचे बिल्ले यांचे अर्ज त्यात असतात व प्रत्येकाला अंतिम तारीख असते. तारीख चुकली की तीच खुर्ची महाग पडते. पोटभाडेकरू ठेवण्यास बहुतेक ठिकाणी बंदी असते. दोघे-तिघे मिळून स्टॉल घेणार असाल तर सर्वांची नावे आधीच लेखी कळवावीत.

मांडणी

सावकाश चालणारा माणूस दहा फुटांचा स्टॉल तीन-चार सेकंदांत ओलांडतो. तेवढ्यात त्याला दोनच गोष्टी कळल्या पाहिजेत : येथे काय मिळते आणि ते चांगले आहे. बाकी सर्व त्यानंतर. यावरून मांडणीचे नियम आपोआप निघतात.

फॅशियावर फक्त ‘सुजाता एंटरप्रायझेस’ असे लिहून काही कळत नाही. आतल्या मुख्य भिंतीवर ‘कापडी व चामडी पिशव्या, थेट कारखान्यातून’ असे मोठ्या अक्षरांत हवे. अक्षराची उंची दर दहा फुटांमागे एक इंच धरावी. तीस फुटांवरून वाचायचे असेल तर तीन इंच. मजकूर डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याच्या वर असावा, कारण खालचा भाग उभ्या माणसांमुळे झाकला जातो. मराठीसोबत हिंदी वा इंग्रजी असावे. भिंतीवर एक मोठे छायाचित्र पुरे ; वीस लहान छायाचित्रे कोणी पाहत नाही.

सर्वांत मोठी चूक म्हणजे टेबल समोर आडवे टाकून त्यामागे बसणे. त्याने स्टॉलचे तिकीटघर होते. टेबल बाजूच्या भिंतीला लावावे, समोरचा भाग मोकळा ठेवावा आणि आपण उभे राहावे. सगळा माल मांडू नये. उत्तम असे मोजके नमुने वर आणि उरलेला साठा टेबलाखाली, चादरीने झाकलेला. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहावी. किंमत विचारायला संकोचणारे गिऱ्हाईक न विचारताच पुढे जाते. दिवे माणसांवर नव्हे, मालावर वळवावेत. भाड्याच्या फळ्यांना खिळे मारू नयेत, नुकसानभरपाई वसूल करतात. हुक व दुहेरी चिकटपट्टी वापरावी. कात्री, दोरी, विजेची जादा वायर, पाण्याची बाटली आणि पैसे घेण्याचा क्यूआर फलक जवळ असावा.

स्टॉलवर किमान दोघे असावेत आणि जेवायला आळीपाळीने बाहेर जावे. आलेल्या प्रत्येकाचे नाव, दूरध्वनी व त्याला काय हवे आहे, हे वहीत लिहावे. खरा धंदा त्या वहीत असतो. प्रदर्शन संपल्यावर आठवडाभरात त्या प्रत्येकास फोन केला नाही, तर दिलेले भाडे पाण्यात गेले.

नाव लपवावे काय ?

आमच्याकडे येणारे तरुण एक प्रश्न हळू आवाजात विचारतात : फॅशियावर आडनाव लावावे का ? स्टॉलवर बाबासाहेबांचा फोटो ठेवला तर गिऱ्हाईक परत जाईल का ? आमचे मत स्पष्ट आहे. स्टॉलच्या दर्शनी भिंतीवर माल असावा, कारण लोक मालासाठी आले आहेत. परंतु नाव खरे असावे आणि छापील कार्डावर पूर्ण असावे. खोट्या नावाने मिळालेली ऑर्डर दुसऱ्या वेळी खोटेपणाच मागते. फोटो ठेवायचा की नाही हे ज्याने-त्याने ठरवावे. मात्र तो भीतीने काढू नये. शिलाई मजबूत, वजन पुरेपूर आणि शब्द पक्का, ही आपली ओळख झाली पाहिजे. सम्यक आजीविका म्हणतात ती हीच.

शासकीय मदत

१९९० च्या कायद्यातील दुरुस्तीने अनुसूचित जातींतून आलेल्या बौद्धांना केंद्राच्या सवलती मिळू लागल्या. त्यांचा लाभ घेण्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला व विनामूल्य होणारी ‘उद्यम’ नोंदणी हाताशी असावी. ऑक्टोबर २०१६ मध्ये राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब सुरू झाले. केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी आणि त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी, असे धोरण आहे. प्रदर्शनातील स्टॉलच्या भाड्याची प्रतिपूर्ती करणाऱ्या योजनाही सूक्ष्म व लघु उद्योग मंत्रालयाच्या आहेत. मात्र पैसे आधी आपण भरायचे असतात व ते नंतर परत मिळतात. म्हणून स्टॉल नोंदविण्यापूर्वीच साकीनाका येथील एमएसएमई कार्यालयात चौकशी करून अर्ज द्यावा, पावती उद्योगाच्या नावाने घ्यावी आणि प्रत्येक कागद जपून ठेवावा.

शेवटी एक सूचना. एकट्याला ९ मीटर झेपत नसेल, तर चार सभासदांनी मिळून १८ मीटरची जागा रीतसर घ्यावी. एकाच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा माल दिसतो, खर्च वाटला जातो, एकजण जेवायला गेला तरी स्टॉल उघडा राहतो. भगवंतांनी गृहस्थाच्या ऐहिक सुखासाठी उद्योगशीलता, मिळविलेल्याचे रक्षण, कल्याणमित्रांची संगत आणि मिळकतीच्या बेताने राहणी अशा चार गोष्टी सांगितल्या. या चारही गोष्टी एका स्टॉलवर शिकता येतात. आपल्या संस्थेने त्यासाठी पुढाकार घ्यावा आणि विद्यार्थ्यांनी सुट्टीत अशा स्टॉलवर उभे राहून व्यवहार शिकावा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यातील संघटना बाजारातही दिसली पाहिजे.

जय भीम !