ताऱ्यांकडे जाताना मुक्काम कुठे?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडलं की डाळज लागतं. भरधाव गाडीतून ते रस्त्याकडेच्या पाटीएवढंच दिसतं. शेजारी उजनीचा जलाशय आहे, हिवाळ्यात तिथे परदेशी पाहुणे उतरतात, जवळच पळसदेवला एक मंदिर पाण्याखाली आहे, यातलं काहीच कळत नाही. टेबलावर खेळल्या जाणाऱ्या कल्पनारम्य भूमिका-खेळांत अंतराळप्रवासाची अशीच दैना होते. सूत्रधार म्हणतो, “तीन महिन्यांनी तुम्ही दुसऱ्या ताऱ्यापाशी पोहोचलात,” आणि अख्खं अंतराळ एका वाक्यात उरकतं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. सूत्रधार प्रसंग उभा करतो, खेळाडू आपलं पात्र काय करणार ते सांगतात आणि जिथे यशाची खात्री नसते तिथे फासे टाकले जातात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा यातला पहिला गाजलेला खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या अमेरिकनांनी तो १९७४ साली आणला. एकच कथा महिनोन्‌महिने चालली की तिला मोहीम म्हणतात.

आता ही मोहीम ताऱ्यांकडे न्यायची, तर पहिली अडचण अंतराची. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी ४.२४ प्रकाशवर्षं दूर आहे. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने धावतंय. तेवढ्या वेगाने तिथे पोहोचायला जवळजवळ ७५ हजार वर्षं लागतील. म्हणजे जादू हवीच. पण जादूने अंतर पुसलं की प्रवासही पुसला जातो, आणि मग ताऱ्याऐवजी शेजारच्या तालुक्याला गेलं काय, फरक काहीच नाही.

व्हॉयेजर निघालं त्याच वर्षी मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ आला. त्यातली तोड फार हुशारीची आहे. जहाज एका उडीत जवळच्या ताऱ्याला जावो की लांबच्या, उडीला साधारण आठवडाच लागतो. त्या आठवड्यात बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. बातमीही जहाजाच्याच वेगाने पोहोचते. मागे सोडलेल्या बंदरात बंड झालंय की राजा बदललाय, हे पुढच्या बंदराला ठाऊक नसतं. सगळ्यात ताजी बातमी खेळाडूंच्याच खिशात असते. ती विकायची की दडवायची, यावर एक अख्खी बैठक रंगू शकते.

जेफ ग्रब यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या ‘स्पेलजॅमर’ने उलटी वाट धरली. तिथे चक्क शिडाची जहाजं अंतराळात तरंगतात. जादूगार एका खास आसनावर बसून जहाज चालवतो आणि मूळ नियमांप्रमाणे त्या बदल्यात त्याचे त्या दिवसाचे सगळे मंत्र खर्ची पडतात. वेग दिवसाला १० कोटी मैल, म्हणजे एका दिवसात पृथ्वीवरून सूर्य गाठण्याइतका. पण जहाजाभोवती हवेचं कवच मोजकंच. माणसं जास्त घेतली की हवा लवकर नासते. दोन सूर्यमालांमधला प्रवाह तर ज्वालाग्राही. तिथे स्वयंपाकाची चूल पेटवणंही जिवावरचं. राक्षसांच्या फौजेपेक्षा हा एक नियम खेळाडूंना जास्त जागं ठेवतो.

तरीही बरेच सूत्रधार सोपा मार्ग धरतात: रोज फासा टाकायचा आणि सहा पडले की राक्षस. चौथ्या राक्षसापर्यंत टेबलावरचे निम्मे लोक मोबाईल पाहू लागतात.

प्रवास कसा रंगवावा याचा उत्तम नमुना बारामती-इंदापूरच्या लोकांना दर आषाढीला दारात दिसतो. तुकोबांची पालखी देहूहून निघते. पंढरपूर ठरलेलं, वाट ठरलेली, मुक्कामही ठरलेले. तरी कंटाळा नाही, कारण प्रत्येक टप्प्याला स्वतःचं काहीतरी आहे. रोटी घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचं रिंगण. बेलवाडीला अश्व धावतात ते गोल रिंगण. सराटीला पादुकांना नीरास्नान, आणि नदी ओलांडली की जिल्हा बदलतो, अकलूज येतं. शिवाय दिंडीत प्रत्येकाला काम आहे: वीणेकरी, चोपदार, मृदंगी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. २०११ मध्ये आलेल्या ‘द वन रिंग’ या खेळाने हीच युक्ती नियमांत बसवली. वाटाड्या, शिकारी, टेहळ्या अशी कामं वाटली जातात. ज्याच्या कामात चूक होईल, त्याच्यामुळे सगळे अडचणीत येतात. वारीची नक्कल करा असं कोणी म्हणत नाही, ती श्रद्धेची गोष्ट आहे. मात्र टप्पे बांधण्याची ही रीत कोणत्याही नियमपुस्तकाहून जुनी आणि पारखलेली आहे.

आणि अद्भुत बंदरं हवी असतील तर डाळजच्या आसपास मसाला भरपूर आहे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब उजनीच्या पाणथळीत थंडी काढतात. हे हंस सात हजार मीटरहून उंच उडाल्याची नोंद आहे. एका दमात ते येत नाहीत, वाटेतल्या तळ्यांवर उतरत येतात. मग जहाजाचे थांबेही तसेच ठेवा, आणि एक तळं आटलेलं निघू द्या. पळसदेवचं पळसनाथ मंदिर उजनी धरणाच्या पाण्यात बुडालं. पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं. ताऱ्यांकडे नेणारं दार अशा देवळात असेल, तर मोहिमेला आपोआप मुदत पडते. पाऊस लागला, पाणी चढलं की परतीची वाट बंद.

सुरुवात करायला फार सामान लागत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे प्राथमिक नियम प्रकाशकाने मोफत उपलब्ध केले आहेत. ते इंग्रजीत आहेत, पण खेळ मराठीत चालवायला कोणाची परवानगी लागत नाही. चार मित्र, एक वही आणि फासे जमवा. पहिल्या बैठकीला तीनच मुक्काम लिहून आणा, आणि तिसऱ्यापर्यंत हवा पुरणार नाही एवढी तजवीज करून ठेवा.