अमूरी युरोपात का गेला नाही?

२३ जानेवारी २०१५ रोजी सिडनीत आशिया चषकाच्या उपांत्यपूर्व सामन्यात संयुक्त अरब अमिरातीने गतविजेत्या जपानला १-१ असे रोखून धरले आणि सामना पेनल्टी शूटआउटवर गेला. जपानची पहिली किक एसी मिलानच्या केइसुके होंडाने मारली आणि चेंडू गोलपट्टीवरून गेला. अमिरातीची पहिली किक घ्यायला ओमर अब्दुलरहमान आला. दहापैकी नऊ जणांनी अशा वेळी कोपरा निवडून जोरकस फटका मारला असता. ओमरने धाव घेतली आणि चेंडूला नुसता खालून टोला दिला. गोलरक्षक कावाशिमा एका अंगाला झेपावला, आणि चेंडू त्याने सोडलेल्या जागेतून आरामात जाळ्यात उतरला. शेवटी बोरुसिया डॉर्टमुंडच्या शिंजी कागावाची किक खांबाला लागली आणि अमिराती उपांत्य फेरीत गेली. युरोपात नाव कमावलेले दोघे चुकले आणि आयुष्यात कधी युरोपीय क्लबकडून न खेळलेला तरुण बिनधास्त निघाला. एका रात्रीवरून सिद्धांत मांडू नये, हे कबूल. पण ‘अमूरी’ या लाडक्या नावाने आखातात ओळखल्या जाणाऱ्या ओमरबद्दल ‘गुणवत्ता होती, हिंमत नव्हती, म्हणून घरीच राहिला’ असा जो निकाल सर्रास दिला जातो, तो मला मुळातच चुकीचा वाटतो. तो घरी राहिला त्यामागे स्वभावापेक्षा हिशेब जास्त होता, आणि तो हिशेब एकट्या त्याचा नव्हता.

ओमरचा जन्म १९९१ चा, सौदी अरेबियातल्या रियाधमधला. कुटुंब मूळचे येमेनच्या हद्रमौतचे. रियाधच्या अल हिलाल क्लबच्या नजरेत तो लहानपणीच भरला होता, पण नागरिकत्वाचा प्रश्न आडवा आला. अबुधाबी अमिरातीतल्या अल ऐन क्लबमुळे सगळ्या कुटुंबाची सोय झाली आणि मंडळी तिकडे गेली. डोक्यावर कुरळ्या केसांचे जंगल, अंगकाठी किरकोळ आणि डावा पाय असा, की समोरच्या बचावपटूला चेंडू कुठे जाणार हे चेंडू गेल्यावरच कळावे. आघाडीवीरांच्या मागे मोकळा राहून त्यांना गोलची संधी काढून देणे हे त्याचे काम. अशा खेळाडूचे मोल गोलसंख्येत दिसत नाही. अमिरातीच्या अली मबखूतसारख्या आघाडीवीराने मारलेल्या गोलांच्या आधीच्या दोन सेकंदांत ते शोधावे लागते. अर्थात वेळ आली की तो स्वतःही गोल करी. २०१३ च्या आखात चषकाच्या अंतिम सामन्यात इराकविरुद्ध अमिरातीचा पहिला गोल त्याचाच होता.

आता मँचेस्टर सिटीचे प्रकरण. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, उरुग्वेविरुद्ध, इस्माईल मतारच्या गोलला ओमरने दिलेला पास जगाने पाहिला. स्पर्धा संपताच तो सिटीकडे चाचणीसाठी गेला. क्लबचे मालक अबुधाबीचे शेख मन्सूर, म्हणजे दारे आतून उघडी होती. पण त्या काळी इंग्लंडमध्ये युरोपबाहेरच्या खेळाडूला वर्क परमिट हवे असेल, तर त्याचा देश फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये असावा लागे आणि त्याने आधीच्या दोन वर्षांत देशाचे तीन-चतुर्थांश अधिकृत सामने खेळलेले असावे लागत. अमिराती ७० च्या जवळपासही नव्हती. याच नियमावर २००९ मध्ये आपल्या सुनील छेत्रीचा क्वीन्स पार्क रेंजर्सशी झालेला करार अडकला होता. मालक घरचा असूनही जिथे अडते, तिथे खेळाडूच्या हिंमतीची चर्चा करण्यात फारसा अर्थ नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे: इंग्लंड नाही तर नाही, नेदरलँड्स होते, बेल्जियम होते, जपानी पोरे तिथूनच वर चढली ना? चढली, पण ती कशी चढली ते बघू. १९९८ मध्ये हिदेतोशी नाकाता इटलीत पेरुजाकडे गेला आणि पहिल्याच लीग सामन्यात त्याने युव्हेंटसविरुद्ध दोन गोल केले. तेव्हापासून जपानी क्लबांनी खेळाडू बाहेर पाठवणे हा आपल्या कामाचाच भाग मानला. २०१० मध्ये कागावाला डॉर्टमुंडने काही लाख युरोंत नेले, आणि सेरेझो ओसाकाने इतक्या कमी पैशांतही त्याला जाऊ दिले. खेळाडूलाही युरोपात पगार वाढण्याची खात्री होती. आखातात हे गणित नेमके उलटे बसते. अल ऐनसारखा क्लब राजघराण्याच्या आश्रयावर चालतो, ट्रान्सफर फीच्या मिळकतीवर नाही. आपला सर्वांत लोकप्रिय खेळाडू विकून त्याला काय मिळणार? पैसा नको आहे, आणि प्रेक्षक मात्र जातील. उलट मधल्या दर्जाच्या डच किंवा बेल्जियन क्लबला ओमरचा घरचा पगार परवडण्यासारखा नव्हता. पगार कमी करून, घरचे सोडून, थंडीत राखीव बाकावर बसायला जा, असे आपण विशीतल्या कोणाला सांगू? आपल्यापैकी किती जण असे गेले असते, हेही विचारून पाहावे.

मात्र इथे एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. घरी राहण्याची किंमत असते, आणि ती संघाला मोजावी लागते. २०१५ च्या आशिया चषकात तिसरी आलेली, १ सप्टेंबर २०१६ ला जपानला त्यांच्याच सैतामात २-१ असे हरवणारी ही पिढी २०१८ च्या विश्वचषकाला पात्र ठरली नाही. दर आठवड्याला तगडा प्रतिस्पर्धी मिळत नसेल, तर एखादा सामना जिंकता येतो, मोहीम जिंकणे कठीण जाते. २०२२ च्या विश्वचषकात हेच मोठ्या पडद्यावर दिसले. सौदी अरेबियाच्या संघातले सर्व २६ खेळाडू देशातल्या लीगमधले. त्यांनी अर्जेंटिनाला हरवले आणि गटातच गारद झाले. जपानच्या २६ पैकी १९ जण युरोपात खेळणारे. त्यांनी जर्मनी आणि स्पेन दोघांनाही हरवून गट जिंकला. तेव्हा युरोपचा फायदा खरा आहे. माझे म्हणणे एवढेच, की तो फायदा घेण्याची व्यवस्था क्लब आणि संघटनेने उभी करायची असते. ती नसल्याचा ठपका एका खेळाडूवर ठेवता येत नाही.

२०१६ मध्ये अल ऐन आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत दक्षिण कोरियाच्या जिओनबुककडून ३-२ अशा एकूण फरकाने हरला, तरी स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ओमरच ठरला आणि त्याच वर्षी आशियातला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडूही. कोणी म्हणेल, हा किताब आशियातच खेळणाऱ्यांसाठी असतो, परदेशी खेळणाऱ्यांना वेगळा मिळतो. त्या वर्षी तो लेस्टरच्या शिंजी ओकाझाकीला मिळाला. म्हणेना का. ओकाझाकीने धावून धावून इंग्लिश लीगचे विजेतेपद मिळवून दिले हे थोरच, पण सामन्याचा नूर एका पासने पालटण्याची कला त्याच्यापाशी नव्हती, आणि ती असल्याचा दावा त्यानेही केला नसता.

ओमरचे खरे नुकसान केले ते गुडघ्याने. २०१८ मध्ये तो एका मोसमासाठी अल हिलालकडे, म्हणजे ज्या शहरात जन्मला तिथेच, परतला आणि ऑक्टोबरमध्ये गुडघ्याचा लिगामेंट फाटला. तीन महिन्यांनी आशिया चषक त्याच्याच देशात भरला. १० जानेवारी २०१९ ला अबुधाबीच्या झायेद स्पोर्ट्स सिटीत अमिरातीने भारताला २-० असे हरवले, तेव्हा तो संघात नव्हता. पुढे तो अल जझीराकडे गेला, आणखीही क्लब झाले, पण पूर्वीचा अमूरी काही परत दिसला नाही. वय होते जेमतेम सत्तावीस. युरोपात गेला असता तरी हा गुडघा सोबतच गेला असता.