धर्मग्रामाची सीमा आणि नव्या वसाहती

शहराच्या कडेला शेतजमिनीवर नवी वसाहत उभी राहते. दोन-तीन वर्षांत तेथे वीस-पंचवीस ख्रिस्ती कुटुंबे राहावयास येतात, आणि मग एके दिवशी प्रश्न निघतो : ही कुटुंबे कोणत्या धर्मग्रामाची? जुना धर्मग्राम म्हणतो, ही जमीन पूर्वीपासून आमच्या हद्दीत आहे. शेजारचा म्हणतो, रस्ता आमच्या देवळाकडे येतो, मुले आमच्या शाळेत शिकतात. वसाहत सुखवस्तू असेल तर तिला दोन दावेदार मिळतात. वसाहत मजुरांची असेल तर एकही मिळत नाही. ही गोष्ट कटू असली तरी आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. म्हणून धर्मग्रामाची सीमा म्हणजे काय, ती कशासाठी असते आणि ती कोणास बांधते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ग्वाल्हेरचे उदाहरण

मराठी वाचकांस ग्वाल्हेर परके नाही. हे शहर मुळात तीन वस्त्यांचे आहे. किल्ल्याच्या पायथ्याचे जुने ग्वाल्हेर. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे स्थिरावली ते लष्कर. आणि पूर्वेस इंग्रजांची छावणी असलेले मुरार. मुरार १८८६ साली शिंद्यांकडे परत आले आणि त्या बदल्यात झाशी इंग्रजांकडे गेली. उत्तर हिंदुस्थानातील पुष्कळ छावण्यांप्रमाणे येथेही ख्रिस्ती उपासनेची सुरुवातीची गरज गोऱ्या सैनिकांची होती. फौज जेथे तेथे देऊळ, आणि फौज हलली की देवळाभोवतीचे लोकही बदलले. सीमा आखणारे हात आणि सीमेत राहणारी माणसे यांचा संबंध किती क्षणिक असतो, हे यावरून दिसून येते.

पुढे हा मुलूख झाशीच्या अधिकाराखाली होता. २४ फेब्रुवारी १९९९ रोजी ग्वाल्हेर हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. दरम्यान शहर तीन वस्त्यांत मावेनासे झाले होते. भिंड रस्त्याच्या बाजूस दीनदयाळ नगरासारख्या वसाहती झाल्या. राष्ट्रीय राजधानी क्षेत्राच्या नियोजनात दिल्लीकडे जाणारा लोंढा अडवावा म्हणून ग्वाल्हेरला 'काउंटर मॅग्नेट' शहर ठरविण्यात आले आणि पश्चिमेस नव्या नगराची आखणी झाली. नकाशावरील वस्ती प्रत्यक्षात यावयास किती काळ लागतो, हे तेथे पाहावयास मिळाले. जेथे वस्ती अपेक्षित असते तेथे माणसे येत नाहीत, आणि जेथे कोणी योजना केलेली नसते तेथे दाटी होते. तेव्हा धर्मप्रांताच्या कार्यालयातील नकाशा आणि माणसांचे राहणे यांत अंतर पडणे अटळ आहे. हे अंतर भरून कसे काढावयाचे, हा खरा प्रश्न होय.

सीमा कशासाठी?

'पॅरिश' हा शब्द ज्या ग्रीक शब्दापासून आला तो 'पारोइकिया'. त्याचा अर्थ परक्या मुलखात केलेली तात्पुरती वस्ती असा आहे. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ती जनांच्या पृथ्वीवरील वास्तव्यासाठी हाच शब्द योजिला आहे. म्हणजे आपण ज्यास पिढीजात वतन समजून भांडतो त्याचे मूळ नावच उपऱ्यांची वस्ती असे आहे. नव्या वसाहतीतील भाडेकरू कुटुंब या अर्थाने धर्मग्रामाच्या मूळ कल्पनेस आपल्याहून जवळचे आहे.

धर्मग्रामांच्या निश्चित सीमा असाव्यात असा आग्रह ट्रेंटच्या परिषदेने १५६३ साली धरला. त्यामागील हेतू मालकीचा नव्हता. आपला मेंढपाळ कोण हे लोकांस कळावे, आणि आपली मेंढरे कोणती याविषयी मेंढपाळास सबब सांगता येऊ नये, हा तो हेतू. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने बिशपांच्या कार्याविषयीच्या आदेशात धर्मग्राम स्थापन करताना, बदलताना किंवा बंद करताना आत्म्यांचे तारण हाच निकष सांगितला. १९८३ च्या धर्मसभा कायद्यात कलम ५१५ धर्मग्रामाची व्याख्या करताना आरंभ भूमीपासून करीत नाही. ख्रिस्ती जनांच्या समाजापासून करते. कलम ५१८ प्रमाणे भूमीची सीमा हा सर्वसाधारण नियम राहतो. परंतु विधिपरंपरा, भाषा किंवा राष्ट्रीयत्व यांनुसार व्यक्तिगत धर्मग्रामही होऊ शकतात.

मोबाइल आणि मोटारीच्या दिवसांत सीमा हव्यातच कशाला, ज्याने त्याने आवडेल त्या देवळात जावे, असे काही जण विचारतात. मिस्सेपुरते ते खरे आहे. रविवारचे कर्तव्य कोणत्याही कॅथॉलिक देवळात पुरे होते. परंतु निवड करणारा मनुष्य सशक्त असतो. अंथरुणास खिळलेली आजी, देवळाशी तुटलेला तरुण, कामाच्या शोधात आलेले मजूर कुटुंब हे कोणतेच देऊळ निवडीत नाहीत. त्यांना कोणी तरी शोधावे लागते. सीमा नसेल तर शोधण्याचे कर्तव्य कोणाचेच उरत नाही. म्हणून सीमा ही धर्मगुरूस बांधणारी रेषा आहे, श्रद्धावंतास अडविणारी नव्हे.

एक कबुली

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. काही वर्षांपूर्वी एका शहरातील दोन धर्मग्रामांच्या मध्ये एक नवी वसाहत झाली. गावाचे व देवळांचे नाव सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. तेथील एक वृद्ध गृहस्थ अत्यवस्थ झाले. घरच्यांनी एका देवळात दूरध्वनी केला. ती वसाहत शेजाऱ्यांकडे आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी शेजारी विचारले. तेथूनही तेच उत्तर मिळाले. दोन्ही उत्तरे प्रामाणिकपणे दिली गेली होती. गृहस्थ रुग्णाभ्यंगाविना वारले. ते उत्तर देणाऱ्या दोघांपैकी एक मी होतो.

नंतर कायदा उघडून पाहिला. कलम ५३० प्रमाणे रुग्णाभ्यंग विशेषेकरून प्रमुख धर्मगुरूकडे सोपविलेला आहे खरा. परंतु कलम १००३ सांगते की योग्य कारण असल्यास प्रमुख धर्मगुरूची संमती गृहीत धरून कोणत्याही धर्मगुरूने तो द्यावा, आणि गरजेच्या वेळी देता यावा म्हणून पवित्र तेल जवळ बाळगण्याची मुभा प्रत्येक धर्मगुरूस आहे. सीमेचा प्रश्न दुसऱ्या दिवशी सोडविता आला असता. मरणाच्या दारी सीमा नसते, हे कायद्यास ठाऊक होते. ते मला ठाऊक नव्हते.

मुंबईचा इतिहास

एकाच भूमीवर दोन अधिकार असले म्हणजे काय होते, याचा दीर्घ अनुभव मुंबईच्या ख्रिस्तसभेने घेतला आहे. इंग्रजांनी १७२० साली पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांस दूर करून कार्मेली धर्मगुरूंस आणविले. पुढे गोव्याच्या बाजूचा पाद्रोआदो आणि रोमच्या बाजूचा प्रोपागांदा असे दोन पक्ष पडले, आणि १७९४ साली देवळांची त्यांच्यात वाटणी झाली. कुटुंब कोठे राहते यापेक्षा ते कोणत्या पक्षाचे, यावर त्याचा धर्मगुरू ठरू लागला. १८५३ साली माहीमच्या सेंट मायकल देवळाच्या ताब्यावरून बिशप हार्टमान यांनी स्वतःस देवळात कोंडून घेण्यापर्यंत प्रकरण गेले. १८८६ च्या करारानेही तिढा पुरता सुटला नाही. १९२८ च्या करारानंतर दुहेरी अधिकार संपला, आणि १९५० साली व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

या इतिहासात दोन्ही पक्षांकडे कागदपत्रे होती, सनदा होत्या आणि तळमळही होती. ज्यांच्यासाठी हे सारे चालले होते त्या सामान्य श्रद्धावंतांच्या सोयीचा विचार मात्र शेवटी आला. आपल्या नव्या वसाहतींचे वाद याहून पुष्कळ लहान आहेत. पण त्यांची वाट तीच आहे.

विवाहाविषयी सावधगिरी

एका बाबतीत मात्र सीमेची अनिश्चितता फार धोक्याची आहे. कलम ११०८ व ११०९ प्रमाणे प्रमुख धर्मगुरू आपल्या सीमेच्या आतच, पदाच्या अधिकाराने, विधिग्राह्य रीतीने विवाहास साक्षी राहू शकतो. वसाहतीतील सभागृहात किंवा नव्या चॅपेलमध्ये विवाह लावताना ती भूमी कोणाची हे ठरलेले नसेल, आणि अधिकारपत्रही घेतलेले नसेल, तर विवाहाच्या ग्राह्यतेविषयीच शंका उत्पन्न होते. शंका असेल तेथे बिशपांकडून किंवा संबंधित प्रमुख धर्मगुरूंकडून लेखी अधिकारपत्र घ्यावे.

दुसरी गोष्ट विधिपरंपरेची. २०१७ पासून सिरो-मलबार ख्रिस्तसभेस सर्व भारतभर आपल्या लोकांची सेवा करण्याचा अधिकार मिळाला आहे. तेव्हा एकाच इमारतीतील दोन शेजारी दोन बिशपांच्या अधिकाराखाली असू शकतात, आणि हा वाद नव्हे, कायदा आहे. लॅटिन देवळात नित्य येण्याने कोणाची विधिपरंपरा बदलत नाही. स्नानसंस्काराच्या व विवाहाच्या नोंदीत ती विचारून लिहावी. वधूवरांपैकी एक जरी पौर्वात्य परंपरेचा असेल तर डीकनने विवाह लावू नये. तेथे धर्मगुरूच लागतो, असे २०१६ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे.

काय करता येईल?

सीमा बदलण्याचा अधिकार केवळ बिशपांचा आहे आणि तो त्यांनी धर्मगुरूंच्या परिषदेचे मत ऐकून वापरावयाचा असतो. दोन प्रमुख धर्मगुरूंनी आपसांत वसाहती वाटून घेणे, किंवा धर्मग्राम परिषदेने ठराव करून वसाहत 'घेणे', यास आधार नाही. परंतु निर्णय होईपर्यंत हात बांधून बसावे असाही याचा अर्थ नाही.

पहिले काम धर्मशिक्षकाचे आहे. त्याने वसाहत पायी फिरावी, घरोघर जावे, आणि कोण केव्हा आले, कोठून आले, घरात आजारी कोण, स्नानसंस्कार न झालेली मुले किती, याची यादी करावी. कायम राहण्याच्या हेतूने आलेले कुटुंब पहिल्या दिवसापासून तेथील रहिवासी ठरते. किमान तीन महिने राहण्याच्या हेतूने आलेल्यासही तेथे तात्पुरता अधिवास मिळतो. तेव्हा 'ते भाडेकरू आहेत' ही सबब पुरेशी नाही. दुसरे, ही यादी दोन्ही देवळांत ठेवावी. तिसरे, वादग्रस्त भागाची तात्पुरती जबाबदारी एका नावावर सोपवावी, अशी विनंती बिशपांस दोघांनी मिळून करावी. स्वतंत्र धर्मग्राम शक्य नसेल तेथे अन्य रीतीने सेवेची सोय करण्याचे कर्तव्य कलम ५१६ बिशपांवर घालतेच.

वसईच्या बांधवांस हे नवे नाही. किनाऱ्यालगतच्या जुन्या गावांचे धर्मग्राम आणि रेल्वेलगत वाढलेली नालासोपारा-विरारची वस्ती यांचा मेळ घालण्याचे काम १९९८ साली स्थापन झालेल्या त्या धर्मप्रांतास करावे लागले आहे. जुन्या धर्मग्रामाचे दुःखही समजून घेतले पाहिजे. ज्यांच्या आजोबांनी देवळासाठी दगड वाहिले, ज्यांचे आप्त तेथील दफनभूमीत आहेत, त्यांना सीमा बदलली की काही तरी हिरावले गेल्यासारखे वाटते. त्यांना कायदा ऐकविण्यापूर्वी त्यांचे ऐकून घ्यावे.

यरुशलेमेत ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटपात उपेक्षा होऊ लागली, तेव्हा या विधवा कोणाच्या, असा वाद प्रेषितांनी घातला नाही. त्यांनी शिष्यांकडून जबाबदार सात माणसे निवडून घेतली. नव्या वसाहतीविषयी आपल्या बैठकीत प्रश्न निघेल तेव्हा तो असाच मांडावा. ही घरे कोणाची, हे मागाहून ठरेल. आज रात्री तेथून बोलावणे आले तर कोण जाणार, हे आधी ठरवावे, आणि त्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक त्या प्रत्येक घरी पोहोचवावा.