रुळांच्या कडेची चर्चं

खानदेशातली जुनी चर्चं शोधायची असतील तर गॅझेटिअरआधी रेल्वेचा नकाशा काढावा. भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, नंदुरबार, चिंचपाडा, नवापूर ही सगळी स्टेशनाची गावं, आणि सगळीकडे ख्रिस्ती मंडळी आहे. ख्रिस्ती धर्म इथे वसईसारखा समुद्रावाटे आला नाही. तो रुळांवरून आला, तोही दोन वेगवेगळ्या वाटांनी.

पहिली वाट भुसावळची. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे इथे आली तेव्हा हे तापीकाठचं साधं खेडं होतं. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली, १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता जोडलं गेलं, आणि भुसावळ जंक्शन झालं. इंजिनांची शेड, कारखाना, बंगले, चाळी उभ्या राहिल्या. भुसावळचा माणूस मूळचा भुसावळचा सहसा नसायचाच. ड्रायव्हर आणि गार्ड बरेचसे अँग्लो-इंडियन, कारकून आणि फिटर कुणी गोव्याचे, कुणी तमिळ, तेलुगू, मल्याळी. बदली झाली की माणूस ट्रंक, बिस्तरा आणि आपला पंथ घेऊन यायचा. म्हणून कॅथलिकांचं चर्च वेगळं, अँग्लिकनांचं वेगळं, अमेरिकेतल्या अलायन्स मिशनचं तिसरं. एवढ्याशा गावात तीन चर्चं कशाला, असं बाहेरच्याला वाटेल; रेल्वे कॉलनीत तो प्रश्न कुणाला पडत नसे. रेल्वेच्या लिंपस क्लबच्या बाजूचे साहेब आणि चाळीतला खलाशी एका बाकावर बसत नव्हते, हेही त्यातलं एक कारण, आणि ते झाकण्यात अर्थ नाही.

१९४७ नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबं हळूहळू इंग्लंड-ऑस्ट्रेलियाला निघून गेली. साहेबांनी साहेबांसाठी बांधलेली चर्चं तेव्हाच ओस पडली असती, पण मागे राहिलेल्यांनी ती धरून ठेवली. १९७० मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली आणि अँग्लिकन मंडळ्या तिच्यात गेल्या. कॅथलिकांसाठी १९८७ मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. जळगाव-धुळे त्याच्याकडे आले.

मराठी मंडळीची उपासना मात्र इंग्रजी प्रार्थनेहून निराळीच. चपला दाराबाहेर, आत पेटी आणि तबला, बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, आणि हातात ‘उपासना संगीत’. त्यातली कितीतरी गीतं रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. याच टिळकांच्या नगरच्या घरी धरणगावचा एक पोरगा मुलासारखा राहिला होता, तो म्हणजे बालकवी ठोंबरे. ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळ मार्गावरच्या भादली स्टेशनात रूळ ओलांडताना त्यांचा अंत झाला. खानदेशातल्या कुठल्याही गोष्टीत रेल्वे शिरतेच, ती अशी.

दुसरी वाट पश्चिमेची, आणि मला ती अधिक नवलाची वाटते. तिची सुरुवात होते दूर स्वीडनमध्ये. तिथे १८६७ ते ६९ मोठा दुष्काळ पडला. हजारो कुटुंबं अमेरिकेला निघाली. तिथे १८६२ च्या कायद्याने कसणाऱ्याला १६० एकर जमीन जवळपास फुकट मिळत होती. १८६९ मध्ये फ्रेडरिक फ्रान्सन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा घरच्यांबरोबर नेब्रास्काच्या गवताळ माळावर गेला. झाड नाही, दगड नाही, मातीच्या ढेपांची घरं. आणि अशा वस्तीत शेतकऱ्यांनी आधी उभं केलं ते आपल्या बोलीतल्या प्रार्थनेचं छप्पर. तिथे वाढलेल्या फ्रान्सनने १८९० मध्ये अमेरिकेत मिशन काढलं, ते पुढे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन म्हणून ओळखलं गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची माणसं पश्चिम खानदेशात उतरली. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते, आणि मिशनांनीही आपसात मुलूख वाटून घेतले: पूर्वेला, जळगावकडे, भुसावळात चर्च असलेले ते दुसरे अलायन्सवाले, पश्चिमेला, धुळे-नंदुरबारकडे, हे स्कँडिनेव्हियन. सुरतेहून येणारी ताप्ती व्हॅली रेल्वे त्याच सुमारास नवापूर-नंदुरबारमार्गे सुरू झाली होती, म्हणून जंगलपट्टीत शिरणं जमलं. (नवापूरचं स्टेशन आज अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत आहे, हे सांगितल्याशिवाय तिथला माणूस तुम्हाला सोडत नाही.)

आपला गाव सोडून परमुलखात गेलेल्यांच्या पोरांनी आणखी दूरच्या मुलखात चर्च बांधावं, तेही भिल्ल-मावचींच्या पाड्यांवर, हे जरा विचित्रच. पण इथली चर्चं साहेबांच्या सोयीची नव्हती. लोक इथलेच होते, वळवी, वसावे, गावित, पाडवी आडनावांचे, आणि बोलीही त्यांचीच. त्यामुळे परदेशी माणसं गेल्यावर कुलूप लागलं नाही. नंदुरबारचं एस. ए. (स्कँडिनेव्हियन अलायन्स) मिशन हायस्कूल आणि चिंचपाड्याचा दवाखाना तर चर्चचं नावही न घेणाऱ्याला ठाऊक आहेत. धर्मांतरावरून या पट्ट्यात आजही वाद तापतात. ते खोटे नाहीत, पण एकाच घरातला एक भाऊ देवमोगऱ्याच्या देवीच्या यात्रेला आणि दुसरा रविवारच्या उपासनेला जातो, हेही तितकंच खरं. शाळा आणि दवाखाना ही मिशनची खरी कमाई, असं माझं मत. पाळकसाहेबांना ते पटणार नाही.

पुन्हा भुसावळकडे. तिथल्या जुन्या चर्चांची दप्तरं म्हणजे रेल्वेच्या गावाची जनगणनाच. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या नोंदींत माणसाचं नाव असतं, हुद्दा असतो, कधी मूळ गावही असतं. वाळवी आणि ओल त्यांना फार वेळ देणार नाहीत. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनी चार विद्यार्थी घेऊन, मंडळीच्या परवानगीने, ती पानं एकदा छायाचित्रांत उतरवून घ्यावीत.