दोष अल्टरनेटरचा की परतीच्या वाटेचा?

वीस वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क केंद्र सरकारने ऑगस्ट 2025 मध्ये 10,000 रुपयांवर नेले, तेव्हा चर्चा झाली ती मुख्यतः दिल्लीच्या प्रदूषणाची आणि भंगार धोरणाची. परंतु एप्रिल 2022 पूर्वी ज्या कामाला 600 रुपये पुरत होते, त्यासाठी आता एवढी रक्कम मोजावी लागणार असेल, तर रायगड जिल्ह्याच्या 'एमएच 06' क्रमांकाची जुनी गाडी आणखी पाच वर्षे ठेवावी की मोडीत काढावी, हा हिशेब अलिबाग, रेवदंडा, मुरुड भागातील अनेक घरांत नव्याने मांडला जाणार, हे उघड आहे. या हिशेबात हमखास चुकीच्या रकान्यात पडणारी बाब म्हणजे चार्जिंगचा बिघाड. सकाळी गाडी सुरू होत नाही, धक्का मारावा लागतो, नवी बॅटरी बसवूनही महिनाभरात तीच तऱ्हा होते आणि शेवटी 'डायनामो गेला, नवा टाका' असा निकाल लागतो, ज्यात मोजमापाचा भाग बहुधा नसतोच. सरकारने वय पाहून शुल्क ठरवले आणि गॅरेजनेही वय पाहूनच भाग बदलला, तर गाडीची खरी अवस्था तपासली कोणी, हे विचारायला कोणीच उरत नाही.

गॅरेजच्या बोलीतील हा डायनामो म्हणजे अल्टरनेटर होय. त्याच्या पोटात रोटर नावाचा विद्युतचुंबक पट्ट्याच्या जोरावर फिरतो, त्याला लागणारा थोडासा प्रवाह 'कार्बन' म्हणून ओळखले जाणारे दोन छोटे ठोकळे तांब्याच्या कड्यांवर घासून पुरवतात, भोवतालच्या स्थिर वेटोळ्यांत उत्पन्न होणारी उलटसुलट वीज डायोडमधून जाताना एकाच दिशेची होते आणि कटआउट, म्हणजे नियंत्रक, रोटरचा प्रवाह कमीजास्त करून व्होल्टेज ठराविक मर्यादेत ठेवतो. या चार-पाच घटकांपैकी नेमका कोणता थकला, हे ठरवायला काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर 12.6 व्होल्टच्या आसपास दाब दिसला तर ती पूर्ण भरलेली आहे आणि 12 व्होल्टपर्यंत उतरला असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे, असे समजावे. अशा रिकाम्या बॅटरीवर अल्टरनेटरची परीक्षा घेणे अन्यायाचे ठरते, म्हणून ती आधी बाहेरून चार्ज करून घ्यावी. इंजिन सुरू केल्यावर बॅटरीच्या टोकांवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळाले पाहिजेत आणि हेडलाइट, एसीचा पंखा व वायपर एकदम चालू करून इंजिनाचे फेरे 2000 पर्यंत वाढवले असता हा आकडा 13.5 च्या फारसा खाली जाता कामा नये. तो 15 च्या वर गेला तर कटआउट बिघडला आहे आणि बॅटरीचे पाणी उकळून आटण्याची, दिवे उडण्याची वेळ आली आहे, असे मानावे. आकडा 13 च्या खाली राहिला तर बॅटरीपर्यंत चार्जिंग पोहोचत नाही, एवढेच सिद्ध होते. अल्टरनेटर निकामी झाला, हे त्यावरून सिद्ध होत नाही आणि बहुतेक निदाने घसरतात ती याच ठिकाणी.

मोटारीत वीज एका तारेने जाते आणि परत येते ती गाडीच्या लोखंडी बॉडीतून व इंजिनाच्या धातूतून. परतीच्या प्रवाहाला धातूचा सांगाडा किंवा जमीन वापरू देण्याचे परिणाम काय होतात, हे अलिबागला शंभराहून अधिक वर्षांपासून ठाऊक असायला हवे, कारण या गावची चुंबकीय वेधशाळा त्या एका कारणामुळेच येथे आली. मुंबईत विजेवर ट्राम चालवण्याचे ठरले, तेव्हा रुळांवाटे परतणारा प्रवाह जमिनीत झिरपेल आणि 1841 पासून सुरू असलेल्या कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी निकामी करील, हे स्पष्ट झाले. संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांच्या कारकिर्दीत हे काम अलिबागेस हलवण्यात आले, 1904 मध्ये येथे नोंदी सुरू झाल्या आणि दोन्ही ठिकाणची मापे जुळतात याची खात्री होईपर्यंत कुलाब्याच्या व अलिबागच्या नोंदी काही काळ समांतर चालवल्या गेल्या. मुंबईत विजेची ट्राम प्रत्यक्षात धावली ती 1907 साली. दोष दिसण्यापूर्वीच मोजून ठेवलेला पाया हाताशी असणे, ही मूस यांची शिस्त आज वेधशाळेच्या आवाराबाहेर, बायपासवरच्या गॅरेजांत फारशी पोहोचलेली दिसत नाही.

अलिबागच्या हवेत ही परतीची वाट खराब होण्याला विशेष वाव आहे. वर्षाकाठी 2000 मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस, उरलेले आठ महिने खारा वारा आणि सोमवार ते शुक्रवार नागाव, किहीम किंवा आवासच्या बंगल्यात निश्चल उभी राहणारी गाडी, या तिन्हींच्या संगतीने बॉडीवरच्या बोल्टाखाली गंज आणि तांब्याच्या वेणीवर हिरवट कळंक चढत जातो. त्यात वाळूवरून मोटार पळवण्याची हौस वेगळीच. 2025 चे वर्ष उजाडता उजाडता रेवदंड्याच्या किनाऱ्यावर रुतलेली फेरारी बैलगाडीने ओढून काढल्याची चित्रफीत देशभर पाहिली गेली, मात्र खाली बसवलेल्या अल्टरनेटरवर अशा वेळी उडणाऱ्या खाऱ्या पाण्याची चित्रफीत कोणी काढत नाही. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याचा बॅटरीच्या ऋण टोकाशी व बॉडीशी असलेला विद्युतसंबंध एकदोन अर्थिंगच्या पट्ट्यांवरच टिकून असतो. पट्टी कुजली की स्टार्टरचा प्रचंड प्रवाह मिळेल ती वाट धरतो आणि जुन्या छोट्या गाड्यांत ही वाट कित्येकदा क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते; सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागत असेल, तर दोष कोठे आहे हे वेगळे सांगायला नको.

चार्जिंगच्या बाबतीत हाच दोष अधिक फसवा ठरतो. बहुतेक गाड्यांत कटआउट अल्टरनेटरच्या अंगातच असतो आणि तो व्होल्टेज पाहतो ते तेथलेच. वाटेत एक व्होल्ट गळत असेल, तर अल्टरनेटरच्या दृष्टीने 14.2 व्होल्टचे काम चोख चालू असते आणि बॅटरीच्या पदरी मात्र 13.2 च पडतात. म्हणून इंजिन सुरू आणि दिवे पेटते ठेवून मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावावा, त्याची काळी पिन थेट बॅटरीच्या ऋण खांबावर, टर्मिनलच्या पकडीवर नव्हे, आणि लाल पिन अल्टरनेटरच्या उघड्या धातूवर टेकवावी. आकडा 0.2 व्होल्टच्या आत असेल तर परतीची वाट ठीक आहे. त्याहून बराच जास्त असेल तर अल्टरनेटरला हात न लावता पट्टी बदलावी, बोल्टाखालचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करावा आणि जोड घट्ट केल्यावर त्यावर व्हॅसलिनचा थर द्यावा. हीच चाचणी अल्टरनेटरच्या जाड तारेचा बोल्ट आणि बॅटरीचा धन खांब यांच्यात घेतली की जाण्याची वाटही तपासून होते.

दोन्ही वाटा निर्दोष निघाल्या तरच संशय यंत्राकडे वळवावा आणि तेव्हाही आधी पट्टा पाहावा, कारण पावसाळी सकाळी किंचाळणारा, आतून काचेसारखा गुळगुळीत झालेला सैल पट्टा रोटरला पुरेसा फिरवूच शकत नाही. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा चावी फिरवल्यावर पेटतच नसेल, तर त्याला शुभलक्षण मानू नये. अनेक जुन्या गाड्यांत रोटरला पहिला प्रवाह त्या दिव्यातूनच मिळतो आणि काही रुपयांचा बल्ब उडाल्यामुळे अख्खे चार्जिंग बंद पडू शकते. अल्टरनेटरवर हलकेच ठोकल्यावर चार्जिंग परत येत असेल, तर कार्बन झिजले आहेत. ते बदलण्याचा खर्च काही शे रुपयांत बसतो, नव्या अल्टरनेटरचा काही हजारांत जातो.

डायोडची गोष्ट जरा नाजूक आहे. डायोड गेला की उलटसुलट वीज थोडीबहुत बाहेर निसटते, बॅटरीच्या टोकांवर एसी व्होल्टेज 0.5 च्या वर दिसू लागते आणि डायोड शॉर्ट असेल तर उभ्या गाडीची बॅटरीही रातोरात उतरते; परंतु स्वस्त मल्टिमीटर एसीच्या पट्टीवर डीसीलाच एसी समजतात, म्हणून दोन्ही पिनांची अदलाबदल करून पाहावी आणि आकडा एकदम बदलला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

वडखळ-अलिबाग रस्त्यावर शुक्रवारच्या रात्री, पावसात, पोयनाडच्या अलीकडे तासभर अडकलेल्या गाडीची बॅटरी उतरली, तर तो बिघाड असेलच असे नाही. इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेच्या बराच खाली चालतो आणि मागणी मात्र त्या वेळीच सर्वाधिक असते. 55 वॉटचे दोन हेडलाइटच सुमारे 8 अँपिअर खातात, त्यावर एसीचा पंखा, रेडिएटरचा पंखा, वायपर आणि मालकाने हौसेने बसवलेला ॲम्प्लिफायर. येथे बदलायचा असतो तो अल्टरनेटर नव्हे, ॲम्प्लिफायर.

इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून पाहण्याची जुनी युक्ती मात्र सर्वत्र हद्दपार झाली पाहिजे. बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज क्षणभर 40 च्या पुढे उसळू शकते, त्यात चांगले डायोड जळतात आणि इंजिनाचा संगणकही जातो; म्हणजे ज्या दोषाचा शोध चालला होता, तो शोधणाऱ्यानेच निर्माण केलेला असतो. अशी परीक्षा घेणाऱ्या गॅरेजमधून गाडी परत आणणे उत्तम.

नूतनीकरणासाठी गाडी पेणच्या आरटीओ कार्यालयात नेण्याआधी मालकांनी बॅटरीच्या टोकांवरचा, परतीच्या वाटेवरचा आणि जाण्याच्या वाटेवरचा असे तीन आकडे तारखेसह कागदावर लिहून ठेवावेत, आणि इलेक्ट्रिशियन नवा अल्टरनेटर सुचवील तेव्हा जुना उतरवण्यापूर्वी हाच कागद त्याच्यासमोर धरून नेमका कोणता आकडा चुकला, ते विचारावे.