‘घरी न्या, सेवा करा’ : म्हणजे नेमकं काय करायचं?

नेहमीसारखंच, ज्यांना ऐकायला जमत नाही किंवा ज्यांचा डेटा संपलाय, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय. बोललो तसंच लिहिलंय, थोडं नीटनेटकं केलंय एवढंच.

आजचा विषय जड आहे, पण पळून जाऊ नका. घरातलं माणूस बरं होणार नाही हे कळल्यावर काय करायचं, आणि नेमकं तेव्हाच सगळा देश बंद असेल तर काय करायचं, यावर बोलू. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही, आमच्या आत्याकडून शिकलो.

आत्याचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात. धानाची शेती, चार बांध्या, एक गाय. आमच्याकडे खर्रा किती चालतो ते तुम्हाला सांगायला नको. आत्याने तो तीस वर्षं खाल्ला. गालात फोड आली, ती बरीच होईना. नागपूरला नेलं तेव्हा उशीर झाला होता. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं, ‘आता इथे ठेवून उपयोग नाही. घरी न्या, सेवा करा.’

मामाजींनी, म्हणजे आत्याच्या मिस्टरांनी, मान हलवली. आम्हीही हलवली. पण गाडीत बसल्यावर सगळ्यांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. सेवा म्हणजे काय? पाय चेपायचे? देवाचं नाव घ्यायचं? जखमेला वास येतो त्याचं काय? ती काही गिळत नाही त्याचं काय? हे कुणी सांगितलंच नव्हतं. हातात एक पिशवी होती, तिच्यात मॉर्फिनच्या गोळ्या, पोट साफ होण्याचं औषध आणि नाकातून घातलेल्या नळीने पातळ अन्न कसं द्यायचं याचा एक कागद.

आधी शब्द समजून घेऊ

हॉस्पिस म्हणजे अशा पेशंटची जागा, जिथे आजार बरा करायची धडपड थांबलेली असते आणि माणसाचा त्रास कमी करायची धडपड सुरू असते. लंडनला १९६७ मध्ये सिसली सॉन्डर्स या डॉक्टरबाईंनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं, तिथून ही आधुनिक पद्धत जगभर गेली. या बाई आधी नर्स होत्या, मग समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं फक्त शरीराचं नसतं. पैशाची काळजी, लेकरांची काळजी, भीती, देवावरचा राग, हे सगळं त्या दुखण्यात मिसळलेलं असतं. त्यामुळे नुसत्या गोळीने काम भागत नाही, आणि गोळीशिवायही भागत नाही.

भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्याच राज्यात निघालं. मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये शांती आवेदना सदन सुरू झालं. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं केंद्र आहे. पण लाखांदूरहून वांद्रे किती लांब, विचार करा. म्हणून पॅलिएटिव्ह केअर हा शब्द जास्त कामाचा. याला मराठीत कुणी परिहार सेवा म्हणतं, कुणी उपशामक सेवा. तीच काळजी, पण हॉस्पिटलात, दवाखान्यात किंवा थेट पेशंटच्या घरी, खाटेजवळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना अशा काळजीची गरज असते आणि त्यातल्या जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते. आमची आत्या उरलेल्या ८६ टक्क्यांतली होती. निदान सुरुवातीला तरी.

आणि मग लॉकडाऊन

२४ मार्चच्या रात्री आठ वाजता टीव्हीवर घोषणा झाली, बारा वाजल्यापासून सगळं बंद. तुम्हाला आठवत असेल तुम्ही कुठे होता ते. मी गावातच होतो, आत्याच्या घरापासून चार घरं पलीकडे. धाकटी आतेबहीण हैदराबादला नवऱ्यासोबत अडकली. नागपूरच्या हॉस्पिटलातली नेहमीची ओपीडी बंद झाली. जिल्ह्याच्या सीमेवर पोलीस.

पिशवीतल्या गोळ्या कमी होत चालल्या होत्या. घरच्यांनी मग जे केलं, ते आपल्यापैकी कुणीही केलं असतं. गोळ्या पुरवून पुरवून द्यायला लागले. दिवसात वेळेवर द्यायची गोळी, ती फार रडली तरच द्यायची. त्यात शेजारचे सांगायचे, ‘अफूची गोळी आहे ते, सवय लागते बाप्पा.’ मलाही ते पटलं. मीच मामाजींना म्हटलं, जितकी कमी दिली तितकं बरं.

ही माझी चूक होती, आणि तिची किंमत आत्याने भरली. दोन रात्री ती झोपली नाही. उशीचा कोपरा दातात धरून पडून राहायची, म्हणजे आम्हाला आवाज जाऊ नये.

तिसऱ्या दिवशी आशाताई घरी आल्या. त्या आल्या होत्या बाहेरगावाहून कोण आलंय याची यादी करायला. आत्याला बघून यादी बाजूला ठेवली आणि त्यांच्या ओळखीच्या एका निवृत्त सिस्टरला फोन लावला. सिस्टर भंडाऱ्याला राहायच्या, वयामुळे बाहेर पडू शकत नव्हत्या. पण फोनवर त्यांनी अर्ध्या तासात जे सांगितलं, ते आधीच्या दोन महिन्यांत कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलं, कॅन्सरच्या दुखण्याची गोळी घड्याळ बघून द्यायची, रडणं बघून नाही. दुखणं एकदा वर चढलं की खाली आणायला जास्त औषध लागतं. दुसरं, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत दुखण्यासाठी मॉर्फिन घेणारा माणूस नशेडी होत नाही. तिसरं, या गोळीने पोट हमखास घट्ट होतं, म्हणून सोबतचं औषध चुकवायचं नाही. आणि चौथं, गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी हालचाल करायची, संपल्यावर नाही.

गोळी फोनवर का मिळत नाही

इथे जरा कायदा समजून घ्या, कारण उद्या तुमच्या घरी कामात येईल. मॉर्फिन अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्याखाली येतं. त्या कायद्याने चोरटा व्यापार रोखायचा होता, पण कागदपत्रं इतकी वाढली की अनेक हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, नियम सोपे झाले, आता मान्यता मिळालेल्या संस्था ते ठेवू शकतात. तरी तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही.

२५ मार्च २०२० ला केंद्र सरकारने फोनवरून आणि व्हिडिओवरून डॉक्टरी सल्ला द्यायचे नियम काढले. तापाच्या, बीपीच्या, शुगरच्या पेशंटची त्याने मोठी सोय झाली. पण अमली पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं अशी दुरून लिहून द्यायला त्याच नियमांत मनाई होती. म्हणजे ज्याला उठताही येत नाही, नेमकं त्याच्याच औषधासाठी कुणीतरी शंभरेक किलोमीटर जायचं.

आम्ही पाच पोट्टे होतो. कुणी ट्रेनिंग घेतलेलं नाही, कुठली संस्था नाही. एकाने मोबाइलवर पोलिसांच्या पाससाठी अर्ज भरला, हॉस्पिटलच्या कागदांचे फोटो जोडून. एकाने नागपूरला फोन लावून लावून खात्री केली की गोळ्या आहेत, कोणत्या वेळी यायचं आणि काय काय कागद लागतील. एकाने गाडी दिली, एकाने पेट्रोलचे पैसे. आतेभाऊ पवनी, भिवापूर, उमरेड करत नागपूरला गेला आणि रात्री परत आला. गोळी त्यानेच आणली. आम्ही फक्त त्याचा रस्ता मोकळा केला, आणि त्या दिवशी त्याच्या जागी आत्याजवळ बसलो.

पुढे विचार केल्यावर कळलं, स्वयंसेवकाचं काम म्हणजे हेच आहे. घरच्यांच्या जागी उभं राहायचं नाही. घरच्यांना त्यांचं काम करता येईल एवढी जागा करून द्यायची.

खाटेजवळ काय करायचं

सिस्टर रोज संध्याकाळी सात वाजता फोन करायच्या. आम्ही स्पीकरवर ठेवायचो. त्यांनी शिकवलेलं थोडक्यात सांगतो.

दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला, कमरेला जखमा होतात. चादरीला सुरकुती ठेवायची नाही. तोंड कोरडं पडतं, म्हणून स्वच्छ ओल्या कापडाने ओठ आणि जीभ पुसत राहायची. जखमेच्या वासासाठी औषध असतं, डॉक्टरांना लाजू नका, विचारा. वास येतो म्हणून माणसं दूर बसायला लागतात, आणि पेशंटला ते कळतं. नळीतून पेज द्यायची तर गाळून, कोमट, आणि डोकं वर करून. पुढे भूक मरते. तेव्हा जबरदस्ती नको. खात नाही म्हणून माणूस मरत नाहीये, शरीर थांबत चाललंय म्हणून खात नाहीये.

आणि कोविड होता, म्हणून एक नियम कडक. एका वेळी एकच बाहेरचा माणूस आत, मास्क लावून, हात धुऊन. सर्दी झाली असेल तर अंगणातूनच परत. आत्याला आम्ही ओट्यावरून हाक मारायचो.

पण सगळ्यात अवघड काम यातलं कुठलंच नव्हतं. एका दुपारी मी एकटा बसलो होतो. आत्याला धड बोलता येत नव्हतं, तरी तिने मला जवळ बोलावून विचारलं, ‘मी आता वाचत नाई न रे बाबू?’

मी म्हटलं, ‘असं काहून बोलतेस? पऱ्हे टाकायले येशील तू.’ तिने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सिस्टरला सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, ‘खोटं बोलू नकोस आणि बातमीही देऊ नकोस. तिलाच विचार, तुला काय वाटतं. मग गप्प बस आणि ऐक.’

मी तसंच केलं. ‘तुले काय वाटते आत्या?’ तिने बराच वेळ माझ्याकडे बघितलं. मग सांगितलं. हळूहळू, अडखळत, थोडं हाताने. पाटल्या धाकटीला द्यायच्या. गाय विकायची नाही. मामाजींना बीपीची गोळी कोण आठवण करून देईल? आणि धाकटीला बघायचंय.

हैदराबादहून येणं शक्य नव्हतं. मग आमच्या गावात नेटवर्क जिथे नीट येतं, तिथवर, म्हणजे शाळेजवळच्या टाकीपर्यंत, खाट उचलून नेली. पहाटे, कुणी नसताना. व्हिडिओ कॉल अकरा मिनिटं चालला. दोघी फार बोलल्या नाहीत. आतेबहीण नंतर म्हणाली, त्या अकरा मिनिटांवर मी आजपर्यंत जगतेय.

आत्या जूनच्या पहिल्या आठवड्यात गेली, सकाळी, झोपेत. शेवटचे वीस-पंचवीस दिवस ती दुखण्याने रडली नाही. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती. तेरवीला पंगत बसली नाही. म्हणून आम्ही पाच जणांनी वार वाटून घेतले आणि मामाजींना रोज एक फोन करायचो. बोलायचं काय? काही नाही. ‘जेवले का? गोळी घेतली का?’ माणूस गेल्यावर घर एकदम रिकामं होतं, आणि कोविडमध्ये ते भरायला पाहुणेही नव्हते.

हे मोठ्या प्रमाणावर होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि झालंय. केरळमध्ये १९९३ ला कोझिकोडला डॉक्टरांनी छोटी संस्था सुरू केली. मग २००० च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांचंच जाळं उभं राहिलं. अट एवढीच, आठवड्यातले किमान दोन तास द्या आणि थोडं प्रशिक्षण घ्या. त्यात विद्यार्थी होते, शेतकरी, दुकानदार होते. २००८ मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच केलं आणि गावपातळीवर नर्स घरी जायला लागल्या. २०२० मध्ये लॉकडाऊन आला तेव्हा त्यांच्याकडे कोणत्या घरात कोण खाटेवर आहे आणि कुणाला काय औषध लागतं याची माहिती आधीच होती. आमच्याकडे ती आशाताईंच्या डोक्यात होती, आणि त्यांना आम्ही विचारलं नव्हतं.

केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रमही २०१२ पासून आहे. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात जाऊन विचारा, पॅलिएटिव्ह केअर कुठे मिळते. विचारणारे वाढले की खोलीचं कुलूप उघडतं.

तुम्ही आज काय करू शकता

गावात किंवा गल्लीत कोण अंथरुणाला खिळलंय, आशाताईंना विचारा. त्या घरी जाऊन ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका, कुणी सांगत नाही. ‘रविवारी दुपारी दोन तास मी बसतो, तुम्ही झोपा’ असं म्हणा. औषधाची मात्रा आपण ठरवायची नाही. जडीबुटीचे फॉरवर्ड पाठवायचे नाहीत. पेशंटचा फोटो स्टेटसला टाकायचा नाही. घरात ऐकलेलं घरातच ठेवायचं.

आम्ही पाचही जण पुढे पांगलो, दोघे पुण्याला, एक नागपूरला. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेत गावातल्या तीन घरांसाठी तोच ग्रुप पुन्हा चालू झाला, आणि आजही चालू आहे. परवाच त्यात मेसेज आला. मामाजींचा होता. पलीकडच्या आळीत एका म्हाताऱ्याला नागपूरहून परत पाठवलंय, ‘घरी न्या, सेवा करा’ म्हणून. मामाजींनी लिहिलं होतं, ‘मी जाऊन बसतो संध्याकाळी. त्यांच्या पोराले गोळीचं समजावून सांगतो.’

आजचा भाग एवढाच. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.