'हैदराबाद' पथकातील एक वैमानिक

१२ ऑगस्ट १९४० रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या वॉर्मवेल तळावरून निघालेले एक स्पिटफायर विमान वाइट बेटाच्या दक्षिणेस शत्रूशी झुंजताना समुद्रात नाहीसे झाले. वैमानिक डग्लस क्लेटन शेपली हा अवघा बावीस वर्षांचा व नवविवाहित होता. त्याचे शव मिळाले नाही. तो ज्या पथकात होता, त्याचे नाव मात्र आपणांस परके नाही. ते १५२ क्रमांकाचे 'हैदराबाद' स्क्वॉड्रन होय.

हे नाव देणगीतून आले. निजाम मीर उस्मान अली खान यांनी पहिल्या महायुद्धातही ११० क्रमांकाच्या स्क्वॉड्रनास विमाने दिली होती व त्यांवर दात्याचा उल्लेख रंगविलेला असे. १५२ च्या बोधचिन्हात निजामाचे शिरोभूषण असून, ब्रीदवाक्याचा अर्थ 'विश्वासू दोस्त' असा आहे. ब्रिटिश सरकारने निजामास दिलेल्या पदवीचाच तो प्रतिध्वनी म्हणावयाचा.

आता 'हैदराबाद' या शब्दात गुलमंडीही अंतर्भूत होती. कारण तत्कालीन औरंगाबाद १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होते. परंतु दोस्तीची ही भाषा प्रजेची नव्हती. १९३८ साली संस्थानात स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि त्याच वर्षी येथील महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना 'वंदे मातरम्' गाण्यासाठी झगडावे लागले. हे विद्यार्थी शेपलीच्याच पिढीचे. संस्थानाच्या इतिहासात या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून क्वचितच वाचल्या जातात, हे मला अभ्यासाचे न्यून वाटते.

शेपलीचे स्मरण त्याच्या घरच्यांनी कसे केले, ते पाहण्याजोगे आहे. त्याचे एक भाऊ-बहीण याच युद्धात आधी मृत्यू पावले होते. आईने व विधवा पत्नीने लोकवर्गणीतून सुमारे ५,७०० पौंड जमविले आणि त्यातून 'शेपली' नावाचे स्पिटफायर विमान उभे राहिले. दरबारी देणगीने पथकाला दात्याचे नाव मिळाले; या वर्गणीने विमानाला मृताचे. मार्च १९४२ मध्ये तेही विमान, व्हिक्टर बीमिश या वैमानिकासह, खाडीवर नष्ट झाले. पुढे शेफील्डच्या टॉटली भागातील एका मद्यगृहास 'शेपली स्पिटफायर' हे नाव देण्यात आले.

ज्यांना कबर लाभली नाही अशा वीस हजारांहून अधिक वैमानिकांची नावे थेम्सकाठच्या टेकडीवर, रनीमीड येथील स्मारकात कोरलेली आहेत. १९५३ साली त्याचे उद्घाटन झाले. समुद्रावर गस्त घालणाऱ्या, पाण्यावरच उतरणाऱ्या विमानांतील बेपत्ता माणसेही तेथेच नोंदली आहेत, आणि शेपलीही तेथेच आहे. त्याचे स्क्वॉड्रन मात्र १९४३ च्या अखेरीस बंगालमध्ये आले, १९४४ मध्ये इंफाळच्या लढाईत उतरले आणि जानेवारी १९४७ मध्ये विसर्जित झाले. त्यानंतर दीड वर्षाच्या आसपास हैदराबाद संस्थानही राहिले नाही.